माहेरचं गाठोडं

रिठद, १० नोव्हेंबर १९५३

रा. रा. उकंडरावजी यांस मनकर्णाबाईचा रामराम.

दिवाळीला रंगूला माहेरी पाठवली नाही, याचा तुम्हाला राग आला असेल. आला असला तरी तुम्ही तो लिहिणार नाही, कारण तुम्ही पडले मुलीकडचे. म्हणून मीच लिहिते. तिला सहावा महिना लागला आहे. आधीची दोन्ही बाळंतपणं मानोऱ्याला, तुमच्या घरी झाली. पहिलं लेकरू रडलंच नाही, दुसरं बारशाआधी गेलं. मी दोष देत नाही. तिला आई नाही, तुम्ही बापडे एकटे काय काय करणार. पण या वेळी तिला तिकडे पाठवायला माझा जीव धजत नाही.

दुसरी गोष्ट नवसाची. माहूरच्या अनसूयामातेला नवस बोललेला आहे, की पोटुशी असतानाच रंगूने अनवाणी चालत जायचं आणि देवीची ओटी भरायची. आमच्या गावची माणसं दरसाल दत्तजयंतीला माहूरला पायी जातात. यंदा ती गुरुवारी, १० डिसेंबरला निघतील. वाशीम, पुसद करत, पैनगंगा उतरून गडावर जातील. रंगू त्यांच्यासोबत जाणार. जगदेव तिच्याबरोबर राहील.

आता आमच्या घराण्याची रीत सांगते. सुनेच्या नवसाचं गाठोडं माहेरचं लागतं. सासरचं चिमूटभर मीठही त्यात चालत नाही, आणि ते गाठोडं आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. तेव्हा घोंगडी एक द्या, दाट विणीची, कारण पुसदच्या पुढे रानात हिव फार पडतं. लुगडी दोन, पण धुऊन मऊ झालेली. कोऱ्या लुगड्याचा काठ चालताना पाय कापतो. कानाला बांधायला फडकं, एक तांब्या, दशम्या, जवसाची चटणी, सुंठ आणि गूळ. तळव्यांना चोळायला एरंडेल विसरू नका. वहाणा देऊ नका. देवीसाठी हिरवा खण, नारळ, हळदकुंकू. एवढंच. चालणारीला सुरुवातीला सगळंच हवंसं वाटतं आणि वाशीम येईपर्यंत त्यातलं निम्मं टाकून द्यावंसं वाटतं.

गाठोडं कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः घेऊन या, म्हणजे चार शब्द बोलता येतील.

मनकर्णाबाई


मानोरा, १७ नोव्हेंबर १९५३

गं. भा. मनकर्णाबाई यांस उकंडरावचा रामराम.

पत्र पावलं. मला राग कशाचा येणार? रंगू आता तुमची. तुम्ही तिचं भलंच पाहणार, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

नवसाबद्दल वाचलं. देवाधर्माच्या कामात मी आडवा कसा येईन? फक्त एवढंच वाटतं, की तुम्ही लिहिलेलं सामान थोडं कमी पडेल. थंडीचे दिवस, रानातला मुक्काम, आणि पोरीची अशी अवस्था. म्हणून आमच्या गावचा गाडीवान रामकिसन याच्यासोबत पुढचं सामान पाठवतो आहे: कापसाची नवी गादी, दोन उशा, रजई, पाणी तापवायला तांब्याचं घंगाळ, शेगडी आणि कोळशाचं पोतं, डिंकाचे लाडू, तुपाचा डबा. एवढं ओझं कुणी डोक्यावर न्यावं असं माझं म्हणणं नाही. म्हणून माझी दमणी आणि बैलजोडीही देतो. वर छत टाकून घेतलं आहे, आत गवत अंथरलं आहे. दमणी सोबत चालत राहील. रंगूला कुठे दमल्यासारखं झालं, तर तिने घटकाभर आत बसावं. बसली तरी देवी काही रागावणार नाही, असं माझ्या अडाणी बुद्धीला वाटतं. तीही आईच आहे.

घोंगडी मात्र अजून झाली नाही. धनगराला सांगितली आहे, तो म्हणतो मार्गशीर्ष लागल्यावर देतो. घाई केली तर वीण विरळ होते.

मी स्वतः यावं असं तुम्ही लिहिलं, हा तुमचा मोठेपणा. पण मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी घेऊ नये, अशी आमच्याकडची रीत आहे. तुमच्या दारी येऊन कोरड्या घशाने बसायचं, हे तुम्हालाही अवघड आणि मलाही. तेव्हा क्षमा असावी.

आपला, उकंडराव


रिठद, २३ नोव्हेंबर १९५३

उकंडरावजींस रामराम.

मी गाठोडं मागितलं होतं, तुम्ही संसार पाठवला. रामकिसनने गादी ओसरीवर उतरवली तेव्हा अर्धा रिठद गोळा झाला. शेजारची नानीबाई मला विचारते, "काहून वं मनकर्णा, जगदेवची दुसरी बायको आणून राह्यली काय? हे आंदण कोनाचं हाय?" सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. हसू नाही तर काय करू?

गादी, घंगाळ, शेगडी आणि दमणी त्याच रामकिसनसोबत परत पाठवते आहे. लाडू ठेवले, तेवढं सांगते. दमणी पाहून तुमची लेक काय म्हणाली तेही ऐका. "बाबानं बैल धाडले, तं त्या बैलाइलेच म्हना, माहा नवस फेडून या." हा हट्ट रिठदच्या पाण्याचा नाही. मानोऱ्याहून आला आहे. तुम्ही लहानपणी पुरवला, आता मी निस्तरते आहे.

घोंगडीचं तुमचं कारण वाचलं. धनगर मलाही माहीत आहेत. घोंगडीला महिना लागत नाही. उकंडरावजी, तुम्हाला गाठोडं द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. एका कार्डावर "देत नाही" एवढं लिहून टाका. मी काही मानोऱ्याला भांडायला येणार नाही. पण हे थोडं पाठवायचं आणि थोडं अडवायचं करू नका. त्याने इथे माझी पंचाईत होते.

आणि पुन्हा लिहिते, एकदा येऊन जा. पाणी पिऊ नका, बसूही नका, पण या.

मनकर्णाबाई


मानोरा, ३० नोव्हेंबर १९५३

गं. भा. मनकर्णाबाई यांस रामराम.

आपलं पत्र वाचून मी जेवलो नाही. तुम्ही हसत लिहिलं असेल, पण दुसऱ्या बायकोची गोष्ट मुलीच्या बापाला हसत वाचता येत नाही. माझ्या चुलतभावाची ललिता अशीच गमतीगमतीत परत आली. आधी शेजारणी बोलल्या, मग सासू बोलली, मग नवऱ्याने बाशिंग बांधलं. आज ती चुलतभावाच्या ओसरीवर वाती वळत बसलेली असते.

"देत नाही" असं लिहा म्हणता. मुलीच्या बापाने असं लिहिलं की त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला माहीत नाही का? वर मला घरी बोलावता. कशाला? चार माणसांत उभा करून विचारायला, की दोन नातवंडं तुझ्या घरी का गेली?

एकदाच स्पष्ट लिहितो. तुम्हाला नातू हवा आहे. मला माझी लेक हवी आहे. दुसऱ्या बाळंतपणात तिच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं. मी तिच्या उशाशी बसून होतो, तुम्ही नव्हता. तिला या महिन्यात हिवात अनवाणी चालवणं म्हणजे तिला मारणं आहे. देवीने असलं मागितलं असेल असं मला वाटत नाही, माणसांनीच मागितलं असेल.

रागात लिहून गेलो. खोडत नाही, पण पुढे बोलतही नाही. तुमच्या मनासारखं होऊ द्या. घोंगडी तयारच होती, मीच खोटं लिहिलं होतं. तुम्ही सांगितलं तेवढं आणि तसंच गाठोडं बांधून रामकिसनच्या हाती दिलं आहे. हिच्या आईची लुगडी घातली आहेत, त्याहून मऊ घरात काही नव्हतं. बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. आता तुमच्या घरची रीत पुरी झाली. माझ्या लेकीवर राग धरू नका, एवढं मागतो.

उकंडराव


रिठद, ४ डिसेंबर १९५३

ती. बाबांस रंगूचा नमस्कार.

गाठोडं पावलं. आईची लुगडी पाहून मी खूप रडले, पण ते आनंदाचं रडणं होतं. तुम्ही मन लावून बांधलं आहे. सुंठेची पुडी वेगळी, एरंडेलाची शिशी चिंध्यांत गुंडाळलेली. घोंगडी अंगावर घेऊन पाहिली, छान ऊब आहे.

बाबा, मला भीती होती की तुम्ही गाठोडं देणार नाही. आत्याबाई रोज म्हणायच्या, तुझा बाप काही पाठवत नाही, बघ. मला वाटायचं, तुम्ही नाही म्हणाल तर मी काय करू. आता गाठोडं आलं म्हणजे तुमचाही होकार आला. तुम्हालाही वाटतं की मी जावं. आता कुणी कितीही अडवलं तरी मी थांबत नाही.

दुसरं लेकरू गेलं त्या दिवशी मी आपल्या देवघरापुढे हा नवस बोलले. तुम्ही बाहेर ओसरीवर मान खाली घालून बसले होते, तुम्हाला ऐकू आलं नसेल. तुम्हाला असं बसलेलं मला पुन्हा पाहायचं नाही.

मी रोज आवारात अनवाणी चालते. तळवे चांगले घट्ट झाले. पाय थोडे सुजतात आणि कंबर धरते, पण ते आत्याबाईंना कळू देऊ नका. त्या फार बोलतात.

तुमची रंगू


रिठद, ४ डिसेंबर १९५३

उकंडरावजींस.

याच पाकिटात रंगूची चिठ्ठी आहे. तिने चिकटवून दिली, मी उघडली नाही. पण त्यात काय असेल ते मला ठाऊक आहे, आणि ती वाचून तुम्हाला कळलं असेल की नवस मी बोलले नाही.

तिने मला सांगितलं तेव्हा पाचवा महिना होता. मी नाही म्हटलं. तिने अन्न सोडलं. जगदेवला म्हटलं, तू सांग. तो आईपुढे बोलत नाही आणि बायकोपुढेही बोलत नाही, तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. मी तिला कोंडून ठेवू शकत होते. पण उकंडरावजी, सासूने सुनेचा नवस अडवला आणि पुढे त्या लेकराचं काही बरंवाईट झालं, तर गाव काय म्हणेल? आणि गावाचं सोडा, ती काय म्हणेल? जन्मभर माझ्याकडे पाहून मनात म्हणेल, या बाईने माझं लेकरू खाल्लं. त्याला मी भ्याले.

म्हणून मला घराण्याची ती रीत आठवली. गाठोडं माहेरचं लागतं. मी म्हटलं, बाप आहे, पोरीची अवस्था वाचून तो गाठोडं देणारच नाही. तो नाही म्हणाला की पोरगी घरी राहील, आणि बापावर ती किती दिवस रुसेल? म्हणून तुम्हाला लिहिलं. सहावा महिना आहे, अनवाणी आहे, रानात हिव आहे, सगळं मुद्दाम लिहिलं. "देत नाही" लिहा, असंही लिहिलं. याहून उघड लिहायला मी धजले नाही. ती मानोऱ्याचं प्रत्येक पत्र माझ्या हातून घेऊन वाचते. तुमचं शेवटचं तेवढं मी लपवलं, कारण "देत नाही" लिहा असं मी म्हटल्याचं त्यात होतं. म्हणून या, या म्हणत होते. आणि तुम्ही मला भिऊन अख्खं गाठोडं पाठवलंत.

तुम्ही मला जे लिहिलं त्याचा मला राग नाही. नातू हवा आहे, खोटं कशाला बोलू. पण या घरात ती नऊ वर्षं माझ्या ताटाशेजारी जेवते आहे. दुसरी बायको आणायची वेळ आली तर मी त्या बायकोला आणि जगदेवला दोघांना गावकुसाबाहेर काढीन.

आता गाठोडं तिच्या उशाशी आहे. गुरुवारी माणसं निघतील. हे पत्र मिळताच असाल तसे निघा. माझ्या शब्दाने ती थांबणार नाही.

मनकर्णाबाई


पुसद, १४ डिसेंबर १९५३

मनकर्णाबाईंस रामराम.

काल सगळ्यांसोबत पुसदला पोचलो. माणसं चांगली आहेत. मला सुनेचा बाप म्हणून चिडवतात आणि सावलीची जागा देतात.

मी रिठदला आलो तेव्हा तुम्ही आत चुलीपाशी होता आणि नंतर मी तुमच्याशी एक शब्दही न बोलता निघालो. आवारात काय झालं ते तुम्हाला पुरतं कळलं नसेल. रंगू गाठोड्यावर हात ठेवून बसली होती. मी तिला म्हटलं, "मले पानी दे."

ती म्हणाली, "बाबा, तुमी आमच्या घरचं पानी कसे पेता? अजून तं काईच नाई झालं."

"दे म्हनतो ना."

तिने तांब्या दिला. मी सगळा रिकामा केला. मग तिला म्हटलं, "नातू झाला तं बरंच हाय. नाई झाला तरी मी येईन आन् पानी पीन. मले तू पायजे, पोरी." ती रडली. मला वाटलं, झालं काम. पण डोळे पुसून म्हणाली, "नवस तं बोलली ना मी. आन् गाठोडं तुमीच धाडलं."

मी म्हटलं, "मीच धाडलं, मीच नेतो. माहेरचं गाठोडं हाय, माहेरचा मानूस उचलते. देवीले काय सांगाचं ते मी सांगतो." आणि गाठोडं उचललं. तिने गाठ धरून ठेवली. विहीणबाई, पोरीच्या हातातून मी आजवर काही ओढून घेतलं नव्हतं. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मी दारातच वहाणा काढल्या आणि माणसांमागे चालू लागलो. मागे वळून पाहिलं असतं तर गाठोडं परत दिलं असतं.

तुम्ही सांगितलेलं सगळं सामान खरं निघालं. एरंडेल रोज लागतं. घोंगडी नसती तर रानातच राहिलो असतो. पहिल्याच दिवशी तळव्यांना फोड आले आणि मला हिशेब कळला, की पोटात ओझं घेऊन माझी पोर हे चालणार होती. चालताना दुसरं काही मनात येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तिने मला तुम्हाला सांगू नका असं लिहिलं होतं, पण सांगतो. तिचे पाय सुजतात आणि कंबर धरते. मी पाहिलं, घोट्यापाशी बोट दाबलं तर खड्डा राहतो. हे मी रिठदलाच सांगायला हवं होतं, गडबडीत राहून गेलं. वाशीमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला लगेच दाखवा.

परतताना पुसदला हेमसिंगच्या किराणा दुकानी थांबेन. काही कळवायचं असेल तर त्या पत्त्यावर पत्र टाका.

उकंडराव


रिठद, १८ डिसेंबर १९५३

उकंडरावजींस.

हे पत्र तुम्हाला परतीच्या वाटेवर मिळेल. माहूरला मुद्दाम कळवलं नाही. तिकडे कळलं असतं तर तुम्ही अर्ध्यातून फिरला असता, आणि रंगूसाठी एवढं तरी पुरं व्हायला हवं होतं.

आधी वाचा की रंगू आहे. ताप आज सकाळी उतरला, पेज प्याली, उशीला टेकून बसली. आता पुढचं वाचा.

तुमचं पत्र काल आलं. पण मंगळवारीच दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती काही चालली नव्हती, निवडण घेऊन बसली होती. जगदेवने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता गाडी जुंपली आणि वाशीमहून नर्सबाईला घेऊन आला. मुलगी झाली. थोडा वेळ होती. नाक तुमच्यासारखं होतं. नर्सबाईने मग रंगूकडेच लक्ष दिलं, कारण तिचं रक्त थांबत नव्हतं. जाताना ती मला म्हणाली, ही बाई आज रस्त्यात असती तर तुमच्या हाती काही लागलं नसतं.

हे मी रंगूला सांगितलं नाही, कारण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. डोळे उघडल्यावर तिने पहिलं मला विचारलं, "आत्याबाई, मी चालली असती तं वाचली असती का वं पोरगी?"

याच एका बोलण्याला मी भ्याले होते. त्यासाठी तुम्हाला एवढी पत्रं लिहिली, रीत पुढे केली, तुमच्या गळ्यात नकार अडकवायला पाहिलं. आणि ते बोलणं शेवटी माझ्याच दारात आलं. तुमचं नाव घेणं सोपं होतं. तिच्या डोळ्यांपुढे तुम्हीच गाठोडं ओढून घेतलं होतं. बापाने अडवलं, असं मी म्हटलं असतं तर तिने मान हलवली असती.

मी म्हटलं, "तुह्या बापाले कायले मनात धरतं? त्याले मीच बोलावलं होतं, गाठोडं घेऊन जा म्हनून. अडवली म्या. पाप लागलं तं मले लागन."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. काल दिवसभर माझ्या हातून पाणी घेतलं नाही, जगदेवच्या हातून घेतलं. आज सकाळी पेज मात्र माझ्याकडून घेतली. माझ्याकडे न पाहता घेतली, पण घेतली. त्यावर मी दिवस काढते आहे.

परतताना वाटेत लोक विचारतील, रिठदला तर विचारतीलच. त्यांना सांगा, मनकर्णाबाईने सुनेला जाऊ दिलं नाही. मीही सगळ्यांना हेच सांगते आहे, दोघांचं बोलणं एक असू द्या. तुम्ही तिच्यापुढे काही कबूल करू नका आणि माझी बाजूही घेऊ नका. तिला बाप राहू द्या. सासूवर रुसायला तिला पुष्कळ दिवस आहेत.

घरी याल तेव्हा पुढच्या दाराने येऊ नका, तिची खाट तिथेच आहे. मागल्या दाराने चुलीपाशी या. रडायचं ते आधी माझ्याजवळ रडा, तोंड धुवा, मग तिच्याकडे जा.

मनकर्णाबाई